सेपांग का बुरिराम? मोटोजीपी बघायला जायचं म्हणतोय, आणि गिअरचाही प्रश्न आहे

फोंडाघाट_९

रामराम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही मोटोजीपीचे, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपदाच्या रेसचे, वेडे. रविवारी रेस बघायची आणि सोमवारी गोकुळ शिरगावात मशीनसमोर उभं राहून तीच रेस तोंडानं परत पळवायची, असं आमचं चालतं. २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर रेस झाली तेव्हा दोघांनाही सुट्टी मिळाली नाही. त्यानंतर ती काही भारतात परत आली नाही. वाट बघून कंटाळलो, आता बाहेर जाऊनच बघायची ठरवलंय. पासपोर्ट झालेत.

युरोप खिशाला झेपणार नाही. त्यामुळं मलेशियातलं सेपांग नाहीतर थायलंडमधलं बुरिराम. विमान, राहणं, तिकीट धरून माणशी लाखाच्या आत बसवायचंय. कुठं जावं?

दुसरा प्रश्न गिअरचा, म्हणजे गाडीवर अंगात घालायच्या सामानाचा. सध्या माझ्याकडं एक आयएसआय हेल्मेट, एक मेश (जाळीदार) जॅकेट आणि कंपनीतले सेफ्टी शूज, एवढंच. भाऊ म्हणतोय तिकडनंच जपानी हेल्मेट आणि लेदर सूट आणू, स्वस्त पडतं. खरं हाय का? आणि तिकडं दोन दिवस गाडी भाड्यानं घेऊन फिरता येईल का?

सांगलीचा_हळद्या

"खिशाला झेपणार नाही" असं म्हणणारा कोल्हापूरकर पहिल्यांदा बघितला. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

उद्यमनगरी

हळद्या, तू गप बस. तुमच्याकडनं अजून एक धागा निघत नाही.

फोंडाघाट, मी सेपांगला जाऊन आलोय. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणार असाल तर डोळे झाकून सेपांग. सर्किट क्वालालंपूरच्या विमानतळाच्या शेजारीच आहे. भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ती सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते फुकट असतं. नेटवर पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्यांच्या नादाला लागू नका.

आपल्याकडनं जाताना मुंबईपेक्षा बंगळूर किंवा चेन्नईवरनं बघा, बऱ्याचदा स्वस्त मिळतं. रात्रीच्या गाडीनं बंगळूर, तिथनं विमान. रेस साधारण ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, म्हणजे दिवाळीच्या आगंमागं. विमानाचं तिकीट त्यामुळंच चढतं. कॅलेंडर जाहीर झालं की लगेच काढा.

राहायला दोन रस्ते. क्वालालंपूर शहरात राहिलात तर फिरायला मजा, पण सर्किटला रोज पन्नासेक किलोमीटर जा-ये. निलाई किंवा सालाक तिंगीकडं राहिलात तर सर्किट जवळ, रात्री मात्र करायला काही नाही. शुक्रवार ते रविवार निलाईत आणि सोमवारी शहरात, असं मला बरं वाटतं.

आता जागा. ट्रॅक ५.५४३ किलोमीटरचा, १५ वळणं. मेन ग्रँडस्टँड दोन लांब सरळींच्या मधोमध आहे. मागच्या सरळीवरनं गाड्या येतात, शेवटच्या हेअरपिनला जोरात ब्रेक मारतात आणि वळून तुमच्या दुसऱ्या अंगानं पुढच्या सरळीवर सुटतात. जुन्या फायनल लॅप बघितल्या असतील तर ते १५ वं वळण तुम्हाला पाठ असेल. पण माझ्या मनातली जागा म्हणजे के१ स्टँड. पहिल्या वळणावर. तीनशेच्या वरनं येऊन ब्रेक, उजवीकडं आवळत जाणारं वळण आणि लगेच उलटं डावं. सुरुवातीच्या लॅपला वीस-बावीस गाड्या त्या भोकात एकदम शिरतात. डोक्यावर छप्पर आहे, हे महत्त्वाचं. स्वस्तात जायचं तर हिल स्टँड, म्हणजे गवताची टेकडी. तिथं ऊन आणि पाऊस दोन्ही फुकट. दुपारी तीनच्या सुमाराला रेस आणि त्याच वेळेला तिकडं ढग भरून येतात.

आरडी_काका

पोरांनो, रागावू नका, पण एक विचारतो. टीव्हीवर इतके कॅमेरे असतात. गाडीवरचा कॅमेरा, हेलिकॉप्टर, स्लो मोशन. स्टँडमध्ये बसून तुम्हाला एकच वळण दिसणार. गाडी आली, गेली, मग दीड-दोन मिनिटं काही नाही. त्यासाठी लाख रुपये? मी जन्मभर आरडी ३५० चालवली, रेसचा आवाज मलाही आवडतो. पण हिशोब कळत नाही.

उद्यमनगरी

काका, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजीची फुटबॉल मॅच असते तेव्हा तुम्ही मोबाईलवर बघता का घरी बसून?

टीव्हीचा कॅमेरा गाडीबरोबर फिरतो, म्हणून वेग दिसतच नाही. स्टँडमधनं तुमची नजर जागेवर असते. ब्रेकच्या ठिकाणी गाडीचं मागचं चाक हवेत तरंगतं, पुढचा टायर चेपतो, रायडर एक पाय बाहेर सोडतो आणि सगळा थवा तसाच अंगावर येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं हा आता गेला, सरळ खडीत जाणार. तो वळला. मागचाही वळला. चौथा पडला. पडून घसरत शंभर मीटर गेला, उठला आणि गाडीकडं पळत सुटला. त्या दिवसापासनं माझं गिअरबद्दलचं डोकं बदललं, ते मी पुढं लिहितोच.

आणि आवाज म्हणाल तर कानात बोळे न्या. खरंच न्या. फार्मसीत मिळतात ते फोमचे चालतात.

रंकाळ्याची_राणी

मी बुरिरामच्या बाजूनं बोलतो.

२०२५ च्या सीझनची पहिली रेस तिथं झाली, मार्चच्या पहिल्या रविवारी, तेव्हा मी आणि आमचे हे तिथंच होतो. ट्रॅक लहान आहे, ४.५५४ किलोमीटर आणि १२ वळणं, पण सपाट जमिनीवर. त्यामुळं मेन स्टँडमध्ये बसलं की जवळजवळ सगळा ट्रॅक दिसतो. काकांची शंका तिथं राहत नाही. गाडी नजरेआड होतच नाही म्हटलं तरी चालेल.

आणि त्या रेसमध्ये जे झालं ते टीव्हीवर बघणाऱ्यांना आमच्या आधी कळलं असेल! मार्क मार्केझ आरामात पुढं पळत होता. एकाएकी त्यानं वेग कमी केला आणि भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढं सोडलं. स्टँडमध्ये सगळे उभे. गाडी बिघडली? मग मोठ्या स्क्रीनवर आणि लोकांच्या मोबाईलवर खुलासा आला. पुढच्या टायरमधली हवा नियमापेक्षा कमी पडत होती. मोकळ्या हवेत एकटा पळाला की टायर थंड राहतो, दाब वाढत नाही, आणि किमान दाब ठराविक लॅप राखला नाही तर शेवटी १६ सेकंदांचा दंड बसतो. म्हणून दुसऱ्याच्या मागं, गरम हवेत राहायचं. तो राहिला आणि शेवटच्या काही लॅपमध्ये परत पुढं जाऊन जिंकला. आमच्या शेजारी बसलेल्या थाई आजोबांनी खाणाखुणांनी मला हे सगळं समजावलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. दाब, टायर, धाकटा भाऊ, सगळं हातानं.

आता वाईट बाजू. बुरिराम बँकॉकपासनं चारशे किलोमीटर. रात्रीची रेल्वे, बस, नाहीतर बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरनं छोटं विमान. गावात हॉटेलं थोडी, रेसच्या आठवड्यात भाव तिप्पट. आम्ही गावातल्या एका घरी खोली घेऊन राहिलो. ऊन असं की आपला मे महिना बरा. पण सर्किटबाहेर रात्री जी जत्रा भरते, खाणं, गाणी, सजवलेल्या स्कूटर, ती मला तरी सेपांगच्या फोटोंपेक्षा जास्त आवडली. वेळ असेल तर फानोम रुंगचं देऊळ बघा. शंकराचं आहे, डोंगरावर, ख्मेर राजांच्या काळातलं.

थायलंडलाही २०२५ मध्ये व्हिसा लागत नव्हता, पण तिकडचे नियम सारखे बदलतात, तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. १ मे २०२५ पासनं त्यांचंही डिजिटल अरायव्हल कार्ड सुरू झालंय.

फोंडाघाट_९

ताई, लै भारी लिहिलंय. आता डोकं अजून गोंधळलं.

भाड्याच्या गाडीचं कुणीच बोललं नाही.

रंकाळ्याची_राणी

गाडी मिळते. पण आरटीओतनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. हजार रुपये फी, एक वर्ष चालतं. त्यात मोटरसायकलच्या रकान्यावर शिक्का आहे का ते काउंटरवरच बघून घ्या. कारचाच असेल तर दुचाकीला तो कागद नुसता कागद. स्कूटर भाड्यानं देणारा परमिट विचारत नाही, विचारते ती विमा कंपनी, आणि ती विचारते हात मोडल्यावर. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये दुचाकीचं कलम वाचा. काही पॉलिसी दुचाकी मुळातच धरत नाहीत, काहींना लायसन्स आणि हेल्मेट दोन्ही लागतं.

दोन्ही देशांत गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, तेवढं सुख आहे.

उद्यमनगरी

मलेशियात दुचाकीवाल्याची चैन आहे. बहुतेक एक्स्प्रेसवेवर दुचाकीला टोल नाही. क्वालालंपूरच्या फेडरल हायवेला तर दुचाकीसाठी वेगळी लेन आहे. आणि पाऊस आला की थांबायला हायवेच्या कडेला खास शेड बांधल्यात. आपल्याकडं पुणे-बंगळूर हायवेला पुलाखाली जी गर्दी होते ती आठवा.

डोंगर हवा असेल तर गेंटिंगकडं जा. पण रेस बघून दुसऱ्या दिवशी लगेच गाडीवर बसू नका. तीन दिवस ती भिंगरी बघून हात आपोआप पिळतो. एक दिवस मध्ये जाऊ दे.

नेदरलँडचा_पावणा

आइंडहोवनवरनं नमस्कार. मूळ कळंब्याचा.

युरोप झेपणार नाही हे बरोबर, पण नंतरसाठी लिहून ठेवतो. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर केंद्राची फी, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि कोल्हापूरकरांना बोटांचे ठसे द्यायला पुणं-मुंबई गाठावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासनं करता येतो, तो लवकर करा. रेसचं तिकीट आहे म्हणून व्हिसा मिळत नाही. पगार, रजेचं पत्र, परतीचं कारण, हे बघतात.

असेन माझ्यापासनं दोन-अडीच तासांवर. १९२५ पासनं तिथं टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी ही रेस, होते. १९४९ ला जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हापासनं कोविडचं २०२० सोडून एकही वर्ष चुकलेलं नाही. जूनचा शेवटचा आठवडा. लोक सायकलवरनं येतात, आजोबा नातवाला घेऊन येतात. शेवटच्या शिकेनसमोर (लागोपाठ उलटसुलट वळणं), गेर्ट टिमर बोख्तला, बसा. २०१५ ला रॉसी आणि मार्केझ शेवटच्या लॅपला तिथंच एकमेकांना घासले आणि रॉसी खडीतनं गाडी काढून जिंकला.

काकांसाठी खास: २०१६ ला याच असेनला मोटो३ मध्ये, म्हणजे लहान गाड्यांच्या गटात, महिंद्राची गाडी पहिल्यांदा जिंकली. वर होता तेव्हाचा पोरगा फ्रान्चेस्को बान्याया, जो पुढं दोनदा मोटोजीपीचा चॅम्पियन झाला. त्याच वर्षी सेपांगलाही तो महिंद्रावरच जिंकला.

मुजेलो म्हणजे वेगळंच प्रकरण. टस्कनीतल्या टेकड्यांवर तंबू, रात्रभर इंजिनं पूर्ण पिळून वाजवतायत, झोपायचं नाव नाही. एक किलोमीटरहून लांब सरळ, आणि २०२३ ला ब्रॅड बाइंडरनं तिथं ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला.

आणि एकदा तरी आयल ऑफ मॅन. ते सर्किट नव्हेच. ६०.७ किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता, घरांच्या भिंती, दगडी कुंपणं, आणि पीटर हिकमननं २०२३ ला तिथं ताशी २१९ किलोमीटरच्या सरासरीनं लॅप मारली. त्या रस्त्यावर अडीचशेहून जास्त रायडर गेलेत. मी कुंपणापलीकडं बसून बघितलं आणि टाळ्या वाजवाव्यात का नकोत ते कळलं नाही. त्यासाठी युकेचा व्हिसा लागतो, शेंगेन चालत नाही.

आरडी_काका

महिंद्राचं मला ठाऊक नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार. मग आपल्या लोकांनी बंद का केलं?

नेदरलँडचा_पावणा

२०१७ नंतर ते बाहेर पडले आणि फॉर्म्युला ई कडं वळले, काका. आता बजाज आहे. २०२५ मध्ये बजाजनं केटीएम ताब्यात घेतली. म्हणजे पेद्रो आकोस्ताची नारंगी गाडी पळते तेव्हा मालक आकुर्डीचा.

इचलकरंजीचा_माग

गिअरवर कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. आमचं घर यंत्रमागावर चालतं, कापडाबद्दल कुणी थापा मारल्या की मला राहवत नाही.

दुकानात सांगतात, "सर, सिक्स हंड्रेड डेनिअर आहे." डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. बास. त्यावरनं धागा जाड का बारीक एवढंच कळतं. धागा कशाचा, वीण किती घट्ट, हे कळत नाही. ६०० डेनिअरचं साधं पॉलिस्टर शाळेच्या दप्तराला पण असतं. ५०० डेनिअरचं चांगलं नायलॉन घासायला त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट. आणि पडल्यावर कापड नंतर फाटतं, शिवण आधी उसवते. म्हणून जॅकेट घेताना आतनं उलटं करा आणि खांदा, कोपर, कूल्हा इथं शिवण दुहेरी-तिहेरी आहे का बघा.

एवढं बघायचं नसेल तर लेबल बघा. ईएन १७०९२ हा युरोपचा नियम. त्यात एएए सगळ्यात वर, मग एए, मग ए. कापडाचा तुकडा वेगात फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि भोक पडतं का बघतात. आपल्या हवेत रोज वापरायला एए मेश मिळालं तर त्याच्यावर काही नको. एएए चं लेदर घेऊन ठेवलंत आणि एप्रिलमध्ये उकडतंय म्हणून खुंटीला टांगलंत, तर उपयोग शून्य.

आणि पाठ! आपल्याकडच्या स्वस्त जॅकेटात पाठीच्या कप्प्यात नुसता स्पंजचा तुकडा असतो. तो काढा आणि खरा बॅक प्रोटेक्टर घाला. ईएन १६२१-२ लिहिलेलं असतं. लेव्हल १ मध्ये धक्क्यातला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंतचा जोर पाठीला पोचतो, लेव्हल २ मध्ये ९. निम्मा. किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा. मी यावर वाद घालत नाही.

उद्यमनगरी

सही. मी वर जे म्हणालो होतो ते हेच. शंभर मीटर घसरून उठलेला रायडर. त्याच्या सूटमध्ये एअरबॅग असते, २०१८ पासनं मोटोजीपीत सक्तीची आहे. गाडीवरनं सुटल्याचं सेन्सरला कळतं आणि जमिनीला टेकायच्या आत खांदे-छाती फुगतात. आता रस्त्यावर वापरायचे एअरबॅग व्हेस्टही मिळतात. पण त्यात गॅसचं नळकांडं असतं. विमानानं आणायचं तर आधी एअरलाइनची परवानगी घ्या, नाहीतर सिक्युरिटीला काढून ठेवतील.

चप्पललाईन

लेदर सूटचा विषय आलाय तर चार ओळी. आमच्या घरात चपलांचंच काम.

कोल्हापुरीचं कातडं आम्ही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतो. ते कडक होतं, जाड होतं, चपलेच्या तळाला झकास. रायडिंगच्या सूटला तसं चालत नाही. तिथं कातडं अंगाबरोबर वाकलं पाहिजे आणि घसरताना पेटलं-फाटलंही नाही पाहिजे. म्हणून क्रोमवर कमावलेलं गाईचं कातडं, साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं. रेसवाले बऱ्याचदा कांगारूचं वापरतात, ते पातळ असूनही चिवट, म्हणून सूट हलका होतो.

विकत घेताना वाकून बघा. उभं राहून सूट नीट बसला तर तो तुमच्या मापाचा नाही. गाडीवर बसल्यावर बसला पाहिजे, उभं राहिल्यावर पुढं ओढल्यासारखा वाटला पाहिजे. कोल्हापूरला परत आल्यावर तो बदलून कोण देणार? त्यामुळं भावाला सांगा, मोह आवरा. तीन दिवसांच्या गर्दीत स्टॉलवर घाईनं सूट घ्यायचा नसतो. इथंच ऑर्डर देऊन मापानं शिवून घ्या.

प्राडानं आमची चप्पल मिलानला नेली, आता सुभाषनगरनं सूट शिवायला घेतले तर आश्चर्य वाटायला नको!

सांगलीचा_हळद्या

मापाचा सूट वगैरे ठीक, पण बुद्धला २०२३ मध्ये होर्हे मार्टिनच्या सूटची चेनच उघडली होती चालू रेसमध्ये. सरळीवर एका हातानं वर ओढत होता.

उद्यमनगरी

हो, आणि त्याच दिवशी उकाड्यामुळं रेस २४ वरनं २१ लॅपची केली होती. बेझेकी जिंकला, मार्टिन दुसरा येऊन आत गेला तो जवळजवळ कोसळलाच. ग्रेटर नोएडाच्या त्या उन्हात एअरबॅगवाला सूट घालून अर्ध्या तासाहून जास्त, विचार करा.

फोंडाघाट_९

सूटचा विषय भावाच्या डोक्यातनं काढला. आता हेल्मेट. जपानी हेल्मेट तिकडनं आणलं तर?

इचलकरंजीचा_माग

दोन गोष्टी. १ जून २०२१ पासनं आपल्याकडं आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, आणि कायद्याच्या अक्षरानं रस्त्यावरही आयएसआयच लागतं. तिकडचं हेल्मेट कितीही भारी असलं तरी इथं पोलिसानं अडवलं किंवा विम्यात विषय निघाला तर तुम्ही वादात. दुसरं, दर्जाचं म्हणाल तर आयएसआय आणि ईसीई २२.०६ (युरोपचा हेल्मेटचा नियम) असे दोन्ही शिक्के असलेली हेल्मेटं आता आपल्याकडंच मिळतात, जपान्याच्या पाव किमतीत. २२.०६ मध्ये तिरका आघातही तपासतात, जुन्या २२.०५ मध्ये तो नव्हता. स्टॉकमधलं जुनं खपवत नाहीत ना, ते पट्ट्यावरच्या लेबलवर बघा.

रंकाळ्याची_राणी

माझं थोडं वेगळं मत. शिक्के नंतर, आधी डोकं. माझं डोकं गोल आहे, युरोपच्या लांबट साच्यातलं हेल्मेट घातलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकतं आणि कानाशी सैल. आशियाई मापाचं घातलं आणि फरक कळला. हेल्मेट दुकानात वीस मिनिटं घालून बसा. दुकानदार बघेल विचित्र, बघू दे. हलवल्यावर गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत.

आणि पट्टा. डबल डी रिंगचा, म्हणजे दोन कड्यांतनं ओवून आवळायचा, घ्या. बकलवाला सोपा वाटतो, पण सैल राहिलाय हे कळत नाही. सेपांगला ११ व्या वळणावर २०११ ला सिमोन्चेली हा रायडर अपघातात गेला, त्याचं हेल्मेट डोक्यातनं निघालेलं सगळ्यांनी बघितलं होतं. तो अपघातच असा होता की कशानंही वाचला नसता असं म्हणतात, पण मला ते दृश्य विसरता येत नाही. मी पट्टा ओढल्याशिवाय किल्ली फिरवत नाही.

आरडी_काका

आपल्या गावात हेल्मेटसक्तीचं नाव काढलं की कृती समिती उभी राहते. आणि तुम्ही इथं डी रिंगवर बोलताय. बरं वाटलं वाचून. मी नातवाला हा धागा पाठवलाय, तो ड्यूक घेऊन पन्हाळ्याला जातो टोपी घालून.

फोंडाघाट, एक विचार. गिअरच्या पैशातनं थोडं वाचवून चेन्नईला मद्रासच्या ट्रॅकवर रायडिंग स्कूल असतं, तिथं जाऊन या. बघणं झालं की करूनही बघा.

फोंडाघाट_९

काका, तुमचा सल्ला वहीत लिहिला. पुढच्या वर्षी नक्की.

तर ठरलं असं. सेपांग. के१. शुक्रवारपासनं तीनही दिवस. निलाईत राहायचं, सोमवारी क्वालालंपूर. गाडी भाड्यानं घ्यायची तर फक्त मंगळवारी, परमिटचा अर्ज उद्याच टाकतो. तिकडनं गिअर काहीच आणायचं नाही, फार तर टी-शर्ट आणि टोपी. इथं मेश जॅकेटात लेव्हल २ पाठ, दोन शिक्क्यांचं हेल्मेट, आणि हातमोजे. बुटांचं तेवढं राहिलं. सेफ्टी शूज चालणार नाहीत ना?

इचलकरंजीचा_माग

नाही. पुढं पोलाद आहे म्हणून बोटं वाचतील, घोट्याला काही नाही. घसरताना पाय गाडीखाली अडकतो आणि घोटा पिळतो, तिथंच मोडतो. ईएन १३६३४ लिहिलेले, घोट्याच्या वर येणारे घ्या. दोन्ही हातांनी बूट पिळून बघा, टॉवेलसारखा पिळला गेला तर परत ठेवा.

सांगलीचा_हळद्या

बूट सांगलीत घ्या. कोल्हापुरात घेतले तर दुकानदार चप्पल देईल.

व्यवस्थापक

हळद्या, दुसरी वॉर्निंग.

फोंडाघाट_९

शेवटचा प्रश्न, हसू नका. आईनं भडंग आणि लसणाची चटणी बांधून द्यायचं ठरवलंय, पाच किलो. स्टँडमध्ये नेऊ देतात का?

उद्यमनगरी

गेटवर पिशव्या तपासतात, बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. पाण्याच्या बाटलीवरनंही कटकट होते. भडंग निलाईच्या खोलीवर ठेवा, रात्री सर्किटवरनं आल्यावर तेच जेवण होणार आहे. चटणीचा डबा मात्र दोन पिशव्यांत बांधा आणि चेक-इन बॅगेत टाका. माझी फुटली होती, रेनकोटला अजून वास येतोय.

रंकाळ्याची_राणी

पाच किलो कमी पडेल. पहिल्या दिवशी शेजारच्या खोलीतले मलेशियन डबा घेऊन दारात उभे राहतील.